शांतता भाड्याने मिळेल

पुणेकरांच्या झोपेचं खोबरं करण्यात ज्याची हयात गेली, त्याला दिवाळी अंकाच्या संपादकांनी "आपल्या व्यवसायातले अनुभव लिहा" असं सांगावं, यात मला आधी टोमणाच दिसला. आमच्या गावात टोमणा आणि आमंत्रण यांतला फरक पटकन कळत नाही. म्हणून बायकोला विचारलं. ती म्हणाली, "लिहा की. कागद बोंबलत नाही, तेवढाच शेजाऱ्यांना आराम."

तर मी लाऊडस्पीकरवाला. बुधवार पेठेतल्या एका बोळात माझं दुकान होतं. एका बाजूला रेडिओचे सुटे भाग, दुसऱ्या बाजूला जुनी क्रमिक पुस्तकं, आणि मध्ये मी. बारसं, लग्न, गणपती, निवडणूक, व्याख्यानमाला, सगळीकडे माझे कर्णे जायचे. कर्णा म्हणजे धोत्र्याच्या फुलासारखा तो पत्र्याचा भोंगा. माणूस माईकमध्ये बोलतो, मधली पेटी, म्हणजे अँप्लिफायर, ते बोलणं मोठं करते, आणि कर्णा ते ज्यांना ऐकायचं नाही त्यांच्यापर्यंत पोचवतो. धंदा एवढाच.

या धंद्यात रोग दोन. पहिला शिट्टी. कर्ण्यातून निघालेला आवाज माईकच्या कानी पडला की माईक तो पुन्हा कर्ण्याला सांगतो, कर्णा पुन्हा माईकला, आणि चहाड्या कराव्यात तसं ते वाढत वाढत कानठळ्या बसेपर्यंत जातं. त्यावर इलाज सोपा, दोघांना समोरासमोर ठेवायचं नाही. दुसरा रोग म्हणजे घूं. कुणी काही बोलत नसतानाही पेटी बारीक आवाजात घूंऽऽ करत राहते. विजेचा दोष, अर्थिंगचा दोष, नाहीतर पेटीच्या पोटात काहीतरी. भाषण चालू असताना ही घूं कुणाला ऐकू येत नाही. पुण्यात भाषण चालू नसेल असा प्रसंग मुळात कमी, त्यामुळे बरीच वर्षं माझं भागलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. सत्यनारायणासाठी दोन कर्णे नेणारे एक गृहस्थ दोन्हींची तोंडं भाऊबंदाच्या खिडकीकडे करून घ्यायचे. मी विचारलं, तर म्हणाले, "पुण्य वाटून घ्यावं." एक नामवंत वक्ते माईक बेंबीपाशी धरायचे आणि मग मागच्या रांगेला ऐकू येत नाही म्हणून भर सभेत मला झापायचे. नाचता येईना अंगण वाकडं! पण मी खाली मान घालून बटणं फिरवल्यासारखं करायचो. निम्मी बटणं मी त्यासाठीच ठेवली होती.

आणि गिऱ्हाईक नसूनही ज्यांचा माझ्याशी सगळ्यात जुना संबंध, ते लेले. बँकेतून निवृत्त. कोथरूडच्या एका चौकात पहिल्या मजल्यावर त्यांची बाल्कनी. त्या चौकात मी काहीही लावलं की ते बाहेर यायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "आपलं उपकरण उत्तम आहे. आता ते आपण आपल्या घरी ऐकावं."

याच चौकात एक दगडी स्तंभ आहे. एकाहत्तरच्या युद्धातल्या एका लढाईत पडलेल्या, पुण्याच्या आसपासच्या जवानांची नावं त्यावर कोरलेली आहेत. डिसेंबरात त्या लढाईच्या दिवशी सकाळी तिथे अभिवादन असतं. त्यासाठी एकदा माझ्या दुकानात सुभेदार पायगुडे आले. ते स्वतः त्या लढाईत होते. निवृत्त झाले होते, पण पाठीच्या कण्याला ते अजून कुणी कळवलेलं नव्हतं.

"एक माईक, दोन कर्णे. नावं पुकारायची आहेत," ते म्हणाले. "मग दोन मिनिटं शांतता. नंतर बिगूल, त्याची कॅसेट माझ्याकडे आहे."

मी नेहमीप्रमाणे अक्कल पाजळली, "साहेब, शांतता हवी असेल तर मला न बोलावणं उत्तम. पुण्यात कुणालाही विचारा."

सुभेदार हसले नाहीत. "कार्यक्रम सातला. आपण सहाला या."

त्यांची नावं पुकारण्याची पद्धत मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. पलटणीत रोज हजेरी होते तशी ती व्हायची. सुभेदार हुद्दा आणि नाव खणखणीत आवाजात पुकारायचे आणि त्या जवानाच्या घरातलं कुणीतरी पुढे येऊन माईकमध्ये म्हणायचं, "हजर." कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा, पुढेपुढे कुणाचा नातू. एकही नाव उत्तराविना जाता कामा नये हा सुभेदारांचा दंडक. "फौजेत उत्तर आलं नाही की गैरहजेरी लागते," ते म्हणायचे. "ही पोरं गैरहजर राहणारी नव्हती."

पहिल्याच वर्षी मी हात दाखवून अवलक्षण केलं. शांतता सुरू झाली आणि पेटीची घूं उघडी पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हणून मी हळूच पेटी बंद केली. दोन मिनिटांनी पुन्हा चालू केली, तेव्हा कर्ण्यातून 'धाड्' असा दणका निघाला. आमच्या धंद्यात हा दणका रोजचा. पण समोर उभे होते लढाई पाहिलेले लोक. एक म्हातारे हवालदार क्षणात खाली बसले आणि त्यांनी शेजारच्यालाही दाबून खाली बसवलं. कुणी हसलं नाही. मी मात्र त्या दिवशी पेटीमागून बाहेर आलो नाही.

सुभेदार एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून मधे बंद करायची नाही."

त्यामुळे घूं राहिली. वर्षानुवर्षं त्या चौकात शहिदांच्या नावांनंतर माझी पेटी एकटीच बोलायची. सुभेदारांनी कधी विषय काढला नाही. ते काम लेल्यांनी केलं. अभिवादनाच्या दिवशी मात्र ते बाल्कनीतून काही म्हणायचे नाहीत. चांगला शर्ट घालून ताठ उभे राहायचे आणि कार्यक्रम संपल्यावर खाली येऊन सांगायचे, "कार्यक्रम छान झाला. आपली ती शांतता जरा हळू लावता येईल का?"

मला ते लागलं. नव्वदनंतर बुधवारात बाहेरदेशचा माल मोकळेपणी मिळू लागला होता आणि आम्ही दुकानदार हलवायाच्या दुकानासमोर उभ्या राहिलेल्या पोरासारखे झालो होतो. मी वायरी बदलल्या, माईक बदलला, पेटीतले सुटे भाग बदलले. घूं जागच्या जागी. मग कुणीतरी सांगितलं, अर्थिंग नीट करा. अर्थिंग म्हणजे जमिनीत खड्डा खणून, त्यात मीठ आणि कोळसा भरून, पत्रा पुरून पेटीची तार त्याला जोडायची. मी स्तंभाशेजारी खड्डा खणला, मीठ-कोळसा घातला, पाणी ओतलं. पाहता पाहता गर्दी जमली. भूमिपूजन आहे असं समजून नगरसेवक नारळ घेऊन आले आणि मला काही बोलू न देता फोडूनही गेले. त्या वर्षी नारळ फोडूनसुद्धा घूं तशीच होती.

"बाहेरची घूं काढायला निघालेत!" बायको म्हणाली. "मी घरात तासभर बोलते, तुम्ही नुसतं हूं हूं करता. ती आधी काढा." मी हूं म्हणालो.

या सगळ्या वर्षांत पेटीपाशी एक बाई उभ्या राहायच्या. शालनबाई. लोणी काळभोरहून पहिल्या बसने यायच्या. स्तंभावरच्या नाईक सोपान यांच्या त्या पत्नी; नाईक हा हुद्दा. सुभेदारांना आणि मला "जय भीम" घालायच्या, बरोबर आलेला दीर पुढे रांगेत जायचा आणि या मागे माझ्या पेटीपाशी यायच्या. दीर "हजर" म्हणायचा, कारण शालनबाई माईकपुढे कधीच आल्या नाहीत. शांतता सुरू झाली की त्या आपला हात पेटीवर ठेवायच्या. पेटी चालू असली की गरम होते. डिसेंबरातला गारठा, पहाटेचा प्रवास, हात शेकत असतील, असं मी समजत होतो.

"बाई, करंट बसेल हां," मी एकदा म्हणालो.

"बसूंद्या की," त्या म्हणाल्या. "कुनाला इचारायचंय?"

मग पुणं बदललं. चौकापाशी कॉम्प्युटर कंपनी आली, काचांची इमारत उठली, मोबाइल आले. मोबाइल वाजण्याआधी माझ्या कर्ण्यातून 'टिडिक् टिडिक्' असा आवाज यायचा, त्यामुळे फोन कुणाला येणार हे साऱ्या चौकाला त्याच्या आधी कळायचं. स्तंभाच्या कार्यक्रमाला कंपनीने हातभार लावायचं ठरवलं. त्यांच्याकडून मुग्धा नावाची इंजिनिअर मुलगी आली. चांगली पोर, मला काका म्हणायची आणि माझ्या सामानाकडे वस्तुसंग्रहालयात पाहावं तसं पाहायची.

"काका, सायलेन्सच्या वेळी मागे सॉफ्ट म्युझिक ठेवायचं का? एचआरचं सजेशन आहे."

सुभेदार शेजारीच होते. "बाळ, शांततेला साथीदार लागत नाही," ते म्हणाले. मुग्धाने ते निमूट मान्य केलं. तिला मनातून तेच हवं होतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

तिच्याच सल्ल्याने मी नवा संच घेतला. डिजिटल, परदेशी, दिवे असे लुकलुकणारे की पाहत बसावं. जुनी पेटी कोथरूड गावठाणातल्या एका भजनी मंडळाला देऊन टाकली. त्या डिसेंबरात नावं झाली, शांतता सुरू झाली, आणि घूं नाही! चौकात कावळ्याचे पंख ऐकू आले. लेल्यांच्या बाल्कनीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. माझ्या छातीत आनंद मावेना. शहिदांना अभिवादन करायच्या त्या दोन मिनिटांत मी मनात स्वतःलाच सलाम ठोकत होतो, हे आज लिहिताना लाज वाटते.

लेले खाली आले. "आज काहीच खोट सापडली नाही," ते म्हणाले. "सकाळ फुकट गेली." यापेक्षा मोठा पुरस्कार पुण्यात दिला जात नाही.

मी वळलो तर शालनबाई नव्या संचाकडे पाहत उभ्या होत्या. हात नुसताच पुढे केलेला. तो संच थंडगार, प्लास्टिकचा.

"यंदा पेटी बिघडली व्हय?" त्यांनी विचारलं.

"बिघडेल कशी? सुधारली! आता अजिबात आवाज नाही."

"मग हूं कोन म्हननार?"

"म्हणजे?" मी विचारलं. त्या जरा घुटमळल्या, मग स्तंभाच्या पायरीवर बसल्या आणि पदराशी चाळा करत सांगू लागल्या. "आमचे हे लई कमी बोलायचे. सुट्टीवर आले की मी आपली बोलत सुटायची, आन् ते निस्तं हूं म्हनायचे. मला राग यायचा. शेवटच्या सुट्टीत तर मी भांडली. म्हनलं, मानसासारकं दोन शब्द बोला की. ते हासले, आन् परत हूं. मग गेले ते गेलेच. मागनं नुस्ती ट्रंक आली. मानूस काय आला न्हाई."

मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो.

"दीर हजर म्हनतो, ते जगासाठी. पर समदी गप झाली की तुमची ती पेटी हूं म्हनायची. मला कळतंय, मिशिन हाय ते. म्या काय खुळी न्हाई. आमच्यात असलं भूतबीत काय मानत न्हाईत. पर वर्साचं समदं मनात आनायची, हात ठेवायची, आन् ते हूं म्हनायचं. बरं वाटायचं." त्या उठल्या. "जाऊंद्या. आता म्हातारपन आलं, एवढ्या लांब येनं बी हुत न्हाई."

 ज्या रोगासाठी मी खड्डे खणले, लेल्यांचे टोमणे खाल्ले, तो एका बाईचा संसार होता. वर्षातून एकदा भरणारा, दोन मिनिटांचा. आणि मी तो मोठ्या कौतुकाने बंद पाडला होता.

पुढचा डिसेंबर जवळ आला तेव्हा सुभेदार दुकानात आले. शालनबाईंचा दीर वारला होता. मूलबाळ नव्हतं. "बाई येणार नाही म्हणतात," सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच मला म्हातारा वाटला. "सोपान माझ्या सेक्शनमधला. यंदा त्याचं नाव पुकारीन आणि उत्तर येणार नाही. त्यापेक्षा मी नसतो तर बरं."

मी त्यांना शालनबाईंचं बोलणं सांगितलं.  ते म्हणाले, "खंदकातसुद्धा तो हूंच म्हणायचा. ती पेटी कुठाय?"

त्यांनी स्वतः लोणीला जायचं ठरवलं आणि पेटीची जबाबदारी माझ्यावर टाकली. मुग्धाने आधी आपला उपाय करून पाहिला. लॅपटॉपवर तिने हुबेहूब घूं तयार केली. पण ती इतकी स्वच्छ आणि एकसारखी होती की त्यांच्याच ऑफिसातला एसी वाटावा. तिलाच पटेना. "काका, ओरिजिनलच आणा," ती म्हणाली.

मी भजनी मंडळात गेलो. त्यांनी आनंदाने पेटी काढून दिली. तिथेच लावून पाहिली, तर साफ! घूंचा मागमूस नाही. 

"आवाज यायचा हिच्यात," मी म्हणालो.

"यायचा की," एक टाळकरी म्हणाले. ते दिवसा टीव्ही दुरुस्त करायचे. "आत एक स्क्रू ढिला होता. आवळला."

एक स्क्रू! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी पुण्याची जमीन खणली, नगरसेवकाचा नारळ घेतला, आणि रोग माझ्यापासून बोटभर अंतरावर होता. तो मला सापडला असता तर शालनबाईंचं ते हूं पहिल्याच वर्षी मेलं असतं. आयुष्यात माझ्या अडाणीपणाचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो इथे.

"जरा ढिला करून द्या," मी म्हणालो.

टाळकऱ्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग पेचकस उलटा फिरवला. पेटी घूं करू लागली. बिघाड जमल्याबद्दल एखाद्या कारागिराने इतके आभार मानल्याचं त्यांनी पाहिलं नसावं.

अभिवादनाच्या सकाळी मी जुनी पेटी स्तंभामागे मांडली. नवा संच गाडीतच ठेवला. मुग्धा आली, कंपनीतली पोरं गळ्यात पट्टे घालून आली, जवानांची घरची माणसं आली. लेले बाल्कनीत उभे राहिले. शालनबाई नव्हत्या. सुभेदारांनी लोणीला जाऊन जुनी पेटी परत येत असल्याचं सांगितलं होतं, पण बाईंनी त्यांना चहा दिला आणि हो-नाही काहीच सांगितलं नव्हतं. सातला सुभेदारांनी पुकारायला सुरुवात केली. एकेक "हजर" येत होता आणि माझं लक्ष रस्त्याकडे होतं.

मधेच माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. धाप लागलेली. "बस चुकली," शालनबाई कुजबुजल्या. त्यांनी पेटीवर हात ठेवला, ती गरम आहे हे पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"नाईक सोपान," सुभेदारांनी पुकारलं.

दीर नाही, कुणी पुढे येईना. सुभेदारांनी मान वळवली नाही, पुढचं नावही घेतलं नाही. मी माईकची तार ओढून शालनबाईंकडे न्यायला निघालो, तेवढ्यात त्या जागेवरूनच म्हणाल्या,

"हायेत."

माईकशिवाय. तरी सगळ्या चौकाला ऐकू गेलं. मी लाऊडस्पीकरवाला असून हे लिहितोय, म्हणजे खरं माना.

नावं संपली. शांतता सुरू झाली आणि पेटी बोलू लागली, घूंऽऽ. शालनबाई पुटपुटत होत्या. या खेपेला मनात नाही, ओठांत. मी हातभर अंतरावर होतो, ऐकायचं नव्हतं तरी ऐकू आलं. दीर गेल्याचं सांगितलं. त्याच्या दुखण्याचं सांगितलं. रस्त्याला जमीन गेल्याचं, कडुनिंब तोडल्याचं सांगितलं. मधेमधे थांबायच्या, पेटीचं ऐकायच्या, आणि पुढे बोलायच्या.

दोन मिनिटं झाली. सुभेदारांनी घड्याळ पाहिलं. या माणसाने आयुष्यात कशालाही एक क्षण जास्त दिला नव्हता. कॅसेटच्या बटणावर बोट ठेवून मी त्यांच्या खुणेची वाट पाहत होतो. त्यांनी मागे वळून शालनबाईंकडे पाहिलं. मग घड्याळाचा हात पाठीमागे नेला आणि पुन्हा सावधान उभे राहिले.

ते हलले नाहीत म्हणून कुणीच हललं नाही. कंपनीतली पोरं उभी, दूधवाला सायकल धरून उभा, सिग्नल हिरवा होऊनही एक रिक्षावाला इंजिन बंद करून उभा. का, ते त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. शालनबाईंचं सांगून व्हायचं होतं.

शेवटी त्यांनी पेटीवर दोनदा थोपटलं. "बरं, येते आता," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसून मला म्हणाल्या, "हां, वाजवा."

सुभेदारांनी मान हलवली. मी बटण दाबलं, पण मघाशी ओढलेली माईकची तार पायात अडकून माईक कर्ण्यासमोर आला आणि बिगुलाच्या आधी चौकभर एक कर्कश शिट्टी घुमली. मी चोरून वर पाहिलं. लेले डोळ्यांवर रुमाल धरून उभे होते. त्या सकाळी बाल्कनीतून तक्रार आली नाही.